सर्व्हर अपग्रेड झाल्यावर जुना डेटाबेस उघडत नसेल तर काय तपासावे

फॉक्सप्रो, क्लिपर, पॅराडॉक्स किंवा जुन्या ॲक्सेसवर बनवलेल्या प्रोग्रॅममागे खरा डेटाबेस सर्व्हर नसतोच. प्रत्येक मशीनवरचा प्रोग्रॅम शेअर्ड फोल्डरमधली फाइल स्वतः उघडतो, स्वतः लॉक लावतो आणि स्वतः लिहितो. सर्व्हर फक्त फाइल पुरवतो. म्हणूनच सर्व्हर बदलला की काल नीट चालणारा प्रोग्रॅम अडतो, आणि तो पुन्हा इन्स्टॉल करून काहीच साधत नाही. दोष बहुतेक वेळा प्रोग्रॅम आणि फाइल यांच्यामधल्या वाटेवर असतो.

हात लावण्याआधी सगळ्यांना प्रोग्रॅममधून बाहेर काढा आणि पूर्ण फोल्डरची प्रत घ्या. फक्त डेटाची डीबीएफ फाइल पुरत नाही. इंडेक्सच्या सीडीएक्स आणि मेमोच्या एफपीटी फाइलही सोबत हव्यात.

१. आधी फोल्डर उघडतो का पाहा

ज्या वापरकर्त्याला अडचण आहे त्याच्याच लॉगिनने, त्याच्याच मशीनवर, एक्सप्लोररमध्ये सर्व्हरचं आणि शेअरचं नाव टाका. ॲडमिनच्या लॉगिनने केलेली चाचणी इथे दिशाभूल करते. फोल्डरच उघडत नसेल तर प्रश्न नेटवर्कचा किंवा नावाचा आहे. फोल्डर उघडतो पण प्रोग्रॅम चालत नाही, तर दुसऱ्या पायरीतलं फक्त नावाचं काम पाहून तिसऱ्या पायरीवर जा.

२. प्रोटोकॉल आणि नाव

विंडोजमध्ये फाइल शेअरिंग एसएमबी या प्रोटोकॉलने होतं, आणि विंडोज एक्सपीला त्याची फक्त पहिली आवृत्ती येते. विंडोज सर्व्हर २०१९ मध्ये ती मुळात इन्स्टॉलच केलेली नसते. त्यामुळे जुन्या मशीनला नवा सर्व्हर दिसत नाही. पुष्कळ जण पहिली आवृत्ती परत चालू करून मोकळे होतात. कृपया तसं करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच आवृत्तीतल्या त्रुटीतून पसरला होता. शिवाय ती आवृत्ती लागते जुन्या विंडोजला, प्रोग्रॅमला नाही. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा ३२-बिट प्रोग्रॅम विंडोज १० वरही चालतो. तेव्हा मशीन बदला, सर्व्हर उघडा टाकू नका. पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून होणारा प्रवेशही नव्या विंडोजमध्ये बहुतेक ठिकाणी बंद असतो. प्रत्येकाला खातं द्या.

नावाचं काम लवकर उरकतं. प्रोग्रॅमच्या सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव किंवा ड्राइव्हचं अक्षर लिहिलेलं असतं. शेअर त्याच नावाने आणि ड्राइव्ह त्याच अक्षराने मॅप करा. प्रोग्रॅम ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून’ चालवला तर नेहमीच्या लॉगिनने मॅप केलेला ड्राइव्ह त्याला सहसा दिसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

३. परवानग्या दोन जागी असतात

एक शेअरवरची आणि दुसरी फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमधली. दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते. प्रोग्रॅम वापरणाऱ्या गटाला शेअरवर ‘चेंज’ आणि फोल्डरवर ‘मॉडिफाय’ द्या. ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देण्याची गरज नाही.

परवानगी पुरेशी आहे का, हे ॲक्सेसमध्ये डोळ्यांनी दिसतं. एमडीबी फाइल उघडताच तिच्या शेजारी त्याच नावाची, लॉकची नोंद ठेवणारी एलडीबी फाइल तयार होते, आणि शेवटचा माणूस बाहेर पडला की ती नाहीशी होते. ती तयारच होत नसेल तर फोल्डरमध्ये नवी फाइल बनवण्याची परवानगी नाही. मग डेटाबेस एकट्यापुरताच उघडतो किंवा फक्त वाचता येतो. सगळे बाहेर पडूनही ती तशीच राहत असेल तर डिलीटची परवानगी तपासा, किंवा ‘शेअर्ड फोल्डर्स’मधल्या ‘ओपन फाइल्स’मध्ये पाहून कुणाचं सत्र अडकलं आहे ते शोधा.

४. सगळं उघडतं, पण डेटा बिघडतो

हा सर्वांत घातक प्रकार, कारण तो लगेच कळत नाही. एकाने भरलेली नोंद दुसऱ्याला दिसत नाही, इंडेक्स वारंवार तुटतो, ॲक्सेस ‘डेटाबेस विसंगत अवस्थेत आहे’ असं सांगतो. एसएमबीच्या नव्या आवृत्त्या वेग वाढवण्यासाठी फाइलचा भाग क्लायंट म्हणजे वापरकर्त्याच्या मशीनवरच साठवून ठेवतात. त्यासाठीच्या सवलतीला लीज म्हणतात. एकच फाइल अनेकांनी लिहायची असेल तर ही सवलत नडू शकते.

सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) ‘लॅनमॅनसर्व्हर’च्या पॅरामीटर्समध्ये ‘डिसेबललीझिंग’ची किंमत १ ठेवा आणि सर्व्हर सेवा पुन्हा सुरू करा. याने त्या सर्व्हरवरचे सगळे शेअर थोडे मंदावतील. पण डेटा शाबूत राहणं जास्त मोलाचं. क्लायंटच्या रजिस्ट्रीत ‘फाइलइन्फोकॅशेलाइफटाइम’ आणि ‘डिरेक्टरीकॅशेलाइफटाइम’ मुळात १० सेकंद असतात, ‘फाइलनॉटफाउंडकॅशेलाइफटाइम’ ५ सेकंद. तिन्ही शून्य करा. सर्व्हर सांबाचा (लिनक्सवर फाइल शेअर करणारा प्रोग्रॅम) असेल तर त्याच्या ‘व्हीटो ऑपलॉक फाइल्स’मध्ये डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी, एमडीबी ही एक्स्टेन्शन घाला. शेअरचं ऑफलाइन कॅशिंग मात्र कुठेही बंदच हवं.

प्रोग्रॅम ओडीबीसीतून (डेटाबेसशी जोडणारा विंडोजमधला दुवा) जोडलेला असेल तर ३२-बिट ओडीबीसी ॲडमिनिस्ट्रेटर ‘सिसवॉव६४’ फोल्डरमध्ये असतो. ६४-बिटमध्ये बनवलेला सिस्टिम डीएसएन (जोडणीची साठवलेली माहिती) जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमला दिसतच नाही.

शेवटी दोन मशीनवरून एकच नोंद उघडा. पहिल्यावर बदल सुरू करा, जतन करू नका, आणि दुसऱ्यावरून तीच नोंद बदलून पाहा. एरवी लॉकचा संदेश देणारा प्रोग्रॅम तो इथेही देतो का ते बघा. मग पहिल्यावर जतन करा आणि दुसऱ्यावर नवा आकडा येतो का ते पाहा. हे जमलं की मगच बाकीच्यांना आत घ्या.