सातवा पट्टा

बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका काकूंच्या जुन्या घरासाठी मी पहिल्यांदा स्वतःच्या हिशोबाने वॉलपेपर मागवला. भिंत ३६६ सेंमी रुंद, ३२० सेंमी उंच. रोल ५३ सेंमी रुंद आणि १०.०५ मीटर लांब, म्हणजे साधारण ५.३ चौरस मीटरचा. क्षेत्रफळाला भागलं, सव्वादोनच्या आसपास आलं, तीन रोल मागवले. सहा पट्टे लावून झाले आणि सातव्यापुरता सलग कागदच उरला नाही.

नवीन माणूस हमखास इथेच अडखळतो, म्हणून नीट सांगते. नक्षीचा रिपीट, म्हणजे तीच नक्षी पुन्हा सुरू होईपर्यंतचं अंतर, ६४ सेंमी होता. वरखाली कापायची सूट धरून पट्टा ३३० सेंमीचा हवा, पण शेजारच्या पट्ट्याशी नक्षी जुळवायची तर ६४च्या पटीत कापावं लागतं. म्हणजे सहा रिपीट, ३८४ सेंमी. एका रोलमधून दोनच पट्टे निघतात, सात पट्ट्यांना चार रोल लागतात. चौरस मीटर विसरा, पट्टे मोजा. चौथा रोल मागाहून आणला तो दुसऱ्या बॅचचा निघाला. मोहरी रंगात हिरवट झाक. काकू म्हणाल्या, "अगं, एवढं काही दिसत नाही." मला दिसत होतं. एकाच बॅचचे चार रोल मागवून माझ्या खर्चाने भिंत पुन्हा केली.

नक्षी १९५०च्या दशकातल्या वळणाची होती: बारीक देठ, बूमरँगसारखे आकार, मोहरी आणि राखाडी. या शैलीच्या ओढीने या कामात येणाऱ्यांनी आकारांच्या आधी रिपीट शिकावा. १९५१च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय प्रदर्शनासाठी स्फटिकशास्त्रज्ञ हेलन मेगॉ यांच्या कल्पनेतून इन्सुलिनसारख्या पदार्थांच्या स्फटिकरचना वॉलपेपरवर आणि कापडावर उतरल्या. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं. स्फटिक म्हणजे मुळातच रिपीट. एकच घटक सगळ्या दिशांना पुन्हा पुन्हा.

आपल्याकडे हे दारातच शिकायला मिळतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आई समोरासमोर ठिपके काढायची, तो स्ट्रेट मॅच: शेजारच्या पट्ट्यात नक्षी त्याच उंचीवर. एकाआड एक ओळ अर्ध्याने सरकवलेली रांगोळी वहीत काढा आणि वही आडवी फिरवा, की हाफ ड्रॉप समोर येतो: शेजारच्या पट्ट्यात नक्षी अर्धा रिपीट खाली. मला तो असाच समजला.

लावण्याबद्दल दोनच गोष्टी. जुन्या घरांचे कोपरे सरळ नसतात, तेव्हा ओळंब्याने उभी रेघ आखा आणि पहिला पट्टा तिला धरून लावा. आणि बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर काम थांबवा; ओलीचा बंदोबस्त झाल्याशिवाय, भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पेस्ट कालवू नका.

दर रोलमागे २३७ सेंमीचा तुकडा उरला होता. तोही फुकट गेला नाही: काकूंच्या घरातल्या दोन कोनाड्यांना आतून तीच नक्षी लावली, रिपीट जुळवून.