वाडीवर दवाखान्याची गाडी येणार असेल तर आधी एवढं करा

वेल्हे, मुळशी, भोरकडच्या वाड्यांवर फिरत्या दवाखान्याची गाडी आणायची असेल तर पहिलं काम म्हणजे आशाताईंना भेटा, कारण कुणाला दिवस गेलेत, कुणाची बीपीची गोळी बंद पडलीय हे त्यांना तोंडपाठ असतं. तारीख भातलावणीत अजिबात धरू नका, सगळे चिखलात असतात. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या कोपीवर जायचं तर संध्याकाळीच जा, सकाळी गेलात तर मजुरी बुडवून कोण येणार सांगा.

आदल्या दिवशी घरोघरी निरोप द्या की उपाशीपोटी शुगर तपासायची तर 8 तास काही खायचं नाही, पाणी चालेल, आणि जुने कागद, गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घालून आणा. बीपी घ्यायच्या आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री काही नको, आणि चढ चढून आलेल्या आजीला लगेच पट्टा बांधू नका हो, 5 मिनिटं टेकून बसू द्या, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर. 140/90 च्या वर आलं तर थोड्या वेळाने परत घ्या.

बायकांसाठी साडीचा का होईना पण आडोसा करा, त्याशिवाय त्या अंगावरून जाण्याचं वगैरे बोलतच नाहीत.

गाडी गेल्यावर खरं काम सुरू होतं. वहीत नाव, आकडा, पुढची तारीख लिहा, गोळ्या संपायच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतील ते बघा. छातीत दुखतंय म्हणाला तर गाडीची वाट बघू नका, सरळ 108 लावा.