तेलाचा पैसा आणि लोकप्रतिनिधीचं मत: अमेरिकेतल्या नोंदी कशा तपासाव्यात

‘अमुक सिनेटरने तेल कंपन्यांकडून इतके लाख डॉलर घेतले’ अशी वाक्यं समाजमाध्यमांवर रोज फिरतात. बहुतेक वेळा ती जशीच्या तशी खरी नसतात. अमेरिकेत संघीय निवडणुकीतल्या उमेदवाराला कंपनीने थेट देणगी देण्यावर १९०७च्या टिलमन कायद्यापासून बंदी आहे. पैसा येतो, पण तो कर्मचाऱ्यांच्या नावावर, पॅकमार्फत (देणग्या गोळा करून उमेदवारांना देणारी राजकीय समिती), सुपर पॅकमधून (उमेदवाराला थेट न देता स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणारी समिती) किंवा देणगीदाराचं नाव कुठेच छापावं लागत नाही अशा संस्थांमधून. कोणता पैसा कुठून आला आणि बदल्यात काही मिळालं का, हे शोधायला पत्रकार असावं लागत नाही. कागद सरकारी संकेतस्थळांवर पडलेले आहेत. एक स्प्रेडशीट उघडा आणि पुढच्या क्रमाने जा.

१. आधी विधेयक, मग पैसा

देणगीदारांच्या यादीपासून सुरुवात केली की फसगत ठरलेली. यादी लांब असते, लोकप्रतिनिधी शेकडो वेळा मतदान करतो, त्यामुळे हव्या त्या देणगीला हवं ते मत जुळवता येतं. म्हणून आधी एक विधेयक निवडा, आणि त्यातलाही एकच आकडा किंवा एकच कलम.

संघीय जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या तेलाच्या किमतीतला सरकारचा वाटा, घ्या. १९२०च्या खनिज भाडेपट्टा कायद्यापासून तिचा किमान दर १२.५ टक्के होता. २०२२च्या इन्फ्लेशन रिडक्शन कायद्याने तो नव्या भाडेपट्ट्यांसाठी १६.६७ टक्के केला आणि २०२५मध्ये काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) तो पुन्हा १२.५वर आणला. आकडा हलला त्या प्रत्येक ठिकाणी कुणाची दुरुस्ती होती, कुणाचं मत होतं, हे विचारता येतं. उद्योगाला हवं असलेलं कलम स्वतंत्र विधेयकातच सापडेल असं मात्र नाही. कच्च्या तेलाच्या निर्यातीवर १९७५पासून असलेली बंदी डिसेंबर २०१५मध्ये उठली, ती सरकारी खर्चाच्या भल्यामोठ्या एकत्रित विधेयकात बसवलेल्या कलमाने. तिथे अंतिम मतदान पाहून काहीच कळत नाही. खर्चाच्या विधेयकाला मत देणाऱ्याने तेलासाठीच मत दिलं असं म्हणता येत नाही.

काँग्रेसच्या संकेतस्थळावर (काँग्रेस डॉट गव्ह) विधेयकाच्या पानावरचे कृती, दुरुस्त्या आणि सहप्रस्तावक हे तीन विभाग उघडा. स्प्रेडशीटमध्ये रकाने करा: तारीख, टप्पा, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, बदल कुणी सुचवला, कुणी कसं मत दिलं. खरी झटापट समितीत होते आणि समितीतली मतं या पानावर बहुधा सापडत नाहीत. ती समितीच्या अहवालात छापलेली असतात, म्हणून अहवालाचा पीडीएफ उतरवून घ्या. तेलासाठी मुख्यतः प्रतिनिधीगृहाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती आणि ऊर्जा व वाणिज्य या समित्या, आणि सिनेटची ऊर्जा व नैसर्गिक साधनसंपत्ती समिती पाहावी. कलम कराचं असेल तर कर ठरवणाऱ्या समित्या.

२. देणग्यांची यादी, आणि तिची बेरीज कशी चुकते

संघीय निवडणूक आयोगाच्या (एफईसी) संकेतस्थळावर उमेदवाराची प्रचारसमिती शोधा आणि व्यक्तिगत देणग्यांची फाइल सीएसव्ही स्वरूपात उतरवा. एका निवडणूक चक्रात २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालक कंपनी (जिथे तो नोकरी करतो ती) नोंदवावी लागते. या मालक कंपनीच्या रकान्यावरच सगळी भिस्त, आणि तोच सर्वांत गचाळ. एकाच कंपनीचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, उपकंपन्या वेगळ्या नावाने येतात, निवृत्त अधिकारी फक्त ‘निवृत्त’ लिहितो आणि त्याची पत्नी ‘गृहिणी’. फक्त कंपनीचं नाव शोधलंत तर निम्मी माणसं निसटतील. कंपनीच्या वार्षिक अहवालातून संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची नावं काढा, मग आडनाव आणि पत्त्यावरून जोडीदार शोधा. एकाच दिवशी, एकाच पत्त्यांच्या पट्ट्यातून, सगळ्यांकडून सारखीच कमाल रक्कम आली असेल तर तो निधीसंकलनाचा कार्यक्रम असतो. ती तारीख वेगळ्या रंगात ठेवा.

बेरीज करण्याआधी दोन गोष्टी काढून टाका. ‘मेमो’ अशी खूण असलेल्या ओळी आधीच दुसरीकडे मोजलेल्या रकमेचा तपशील असतात. त्या धरल्या की तोच पैसा दोनदा मोजला जातो. संयुक्त निधी समित्यांच्या (अनेक उमेदवार किंवा समित्या मिळून पैसा गोळा करतात त्या) बाबतीत हे फार होतं. आणि उणे आकडे म्हणजे बहुधा परत केलेल्या किंवा दुसरीकडे वळवलेल्या देणग्या, त्या वजा व्हायलाच हव्यात.

मग पॅक. कंपनीचं पॅक उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीसाठी ५,००० डॉलर देऊ शकतं. प्राथमिक आणि अंतिम निवडणूक वेगळ्या धरतात. याच लोकप्रतिनिधीचं स्वतःचं ‘लीडरशिप पॅक’ (सहकारी उमेदवारांना मदत करण्यासाठी त्याने काढलेलं पॅक) असेल तर तिथे वर्षाला आणखी ५,००० जातात. ही समिती उमेदवाराच्या नावाने नसते, त्यामुळे नवखा माणूस ती हमखास विसरतो. सुपर पॅकला रकमेची मर्यादा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१०च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतरची ही व्यवस्था. शेवरॉनने ऑक्टोबर २०१२मध्ये काँग्रेशनल लीडरशिप फंड या सुपर पॅकला २५ लाख डॉलर दिले, ते असेच. यापलीकडे करकायद्याच्या ५०१(सी)(४) कलमाखालच्या संस्था आहेत, त्यांना देणगीदार सहसा जाहीर करावे लागत नाहीत. तिथे वाट संपते. संपली असं लिहून ठेवा, अंदाजाने भरू नका.

एक बंधन पाळा. या यादीतल्या व्यक्तींची नावं-पत्ते देणग्या मागायला किंवा व्यापारासाठी वापरणं बेकायदा आहे.

३. लॉबिंगचे तिमाही अहवाल

१९९५च्या कायद्याने लॉबिस्टना (पैसे घेऊन कंपन्यांची बाजू सरकार आणि काँग्रेसपुढे मांडणाऱ्यांना) नोंदणी सक्तीची झाली. २००७च्या दुरुस्तीपासून अहवाल दर तिमाहीला येतात, तिमाही संपल्यावर २० दिवसांत. सिनेटच्या लॉबिंग संकेतस्थळावर कंपनी किंवा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटसारखी व्यापारी संघटना शोधा. तुमच्या विधेयकाचा क्रमांक ‘विशिष्ट विषय’ या चौकटीत आहे का ते पाहा. रक्कम जवळच्या १०,००० डॉलरला पूर्णांकात असते, आणि ती त्या तिमाहीतल्या सगळ्या विषयांची मिळून. एका विधेयकावर किती खर्च झाला ते यातून निघत नाही, तरी लोक बेधडक काढतात. कोणत्या सदस्याची भेट घेतली तेही नसतं, फक्त ‘सिनेट’, ‘प्रतिनिधीगृह’ किंवा खात्याचं नाव. उपयोगाची जागा वेगळीच आहे: लॉबिस्टने मागच्या २० वर्षांत सरकारात किंवा काँग्रेसमध्ये वरिष्ठ पद भूषवलं असेल तर ते लिहावं लागतं. समितीच्या अध्यक्षाचा जुना सहायक आज कुणासाठी काम करतो, ते इथे दिसतं.

४. लोकप्रतिनिधीच्या स्वतःच्या खिशात काय आहे

वार्षिक मालमत्ता विवरण १५ मेपर्यंत देय असतं, मुदतवाढ मिळते. २०१२च्या स्टॉक कायद्यानुसार १,००० डॉलरच्या वरची शेअर खरेदी-विक्री जास्तीत जास्त ४५ दिवसांत कळवावी लागते. उशीर झाल्यास दंड २०० डॉलर. एवढ्याशा दंडाला कुणी भीत नाही. रकमा अचूक नसतात, १,००१ ते १५,००० किंवा १५,००१ ते ५०,००० अशा टप्प्यांत येतात, म्हणून बेरीजही किमान आणि कमाल अशी दोन आकड्यांत द्या. फक्त शेअर पाहून थांबू नका. तेल निघणाऱ्या राज्यांतल्या सदस्यांकडे जमिनीखालच्या खनिजहक्कांची रॉयल्टी असते आणि ती उत्पन्नाच्या भागात वेगळ्याच नावाने लपलेली असते.

५. तारखा शेजारी शेजारी ठेवा

आता चारही तक्ते एकत्र करून तारखेप्रमाणे लावा. देणगी आधी की दुरुस्ती आधी, हा इथला प्रश्न. पण त्याहून महत्त्वाची एक तुलना आहे आणि बहुतेक लोक ती गाळतात. टेक्सास, नॉर्थ डकोटा किंवा अलास्काचा सदस्य तेलाच्या बाजूने मत देणारच. त्याचे मतदार त्यावर पोट भरतात. पैसा त्याच्याकडे जातो तो त्याला वळवायला नव्हे, टिकवायला. म्हणून त्याच सदस्याची आधीची मतं तपासा. भूमिका बदलली का? समितीवर नेमणूक झाल्याबरोबर देणग्या वाढल्या का? त्याच पक्षाचा, तसाच मतदारसंघ असलेला, पण समितीवर नसलेला दुसरा सदस्य शेजारी ठेवा. दोघांची मतं सारखी असतील तर पैशाचा मुद्दा लंगडा पडतो. मग तो तसाच लिहा.

यादीत जे दिसत नाही

वरचं सगळं चोख केलं तरी प्रत्यक्ष लाच सुटू शकते. अलास्कातलं वेको प्रकरण त्यासाठी नीट समजून घ्यावं.

२००६मध्ये राज्यपाल फ्रँक मर्कोव्हस्की यांनी तेलाच्या नफ्यावर २० टक्के कर सुचवला. दर त्याच्यावर जाऊ नये म्हणून वेको कंपनीचा प्रमुख बिल अ‍ॅलन आणि उपाध्यक्ष रिक स्मिथ अलास्काची राजधानी जूनोतल्या बारानॉफ हॉटेलच्या ६०४ क्रमांकाच्या खोलीत मुक्काम ठोकून होते. एफबीआयने तिथे छुपा कॅमेरा बसवला होता. ऑगस्टमध्ये विधिमंडळाने २२.५ टक्के मंजूर केले, त्याच महिन्याच्या ३१ तारखेला आमदारांच्या कार्यालयांवर छापे पडले, आणि पुढच्या वर्षी सारा पेलिन राज्यपाल असताना दर २५ टक्क्यांवर गेला.

वेको स्वतः तेल काढत नव्हती. ती तेलक्षेत्रात बांधकाम आणि देखभालीची कामं घेणारी कंत्राटदार होती. उत्पादकांचा कर कमी तर वेकोला काम जास्त. म्हणजे शोधताना मोठ्या तेल कंपन्यांचीच नावं टाकलीत तर हातात काही येणार नाही. कंत्राटदार, पाइपलाइनवाले, विहीर खोदणारे सगळे धरा.

वेकोच्या अधिकाऱ्यांच्या देणग्या जाहीर यादीत होत्याच. मार्च २००६मध्ये वर्तमानपत्रांत त्या घेणाऱ्या आमदारांची नावं छापून आली, तेव्हा काहींनी थट्टेने स्वतःला ‘करप्ट बास्टर्ड्स क्लब’ म्हणवून घेतलं. छाप्याच्या वॉरंटमध्ये त्या नावाच्या टोप्याही शोधायच्या वस्तूंत होत्या. पण खटला उभा राहिला तो यादीबाहेरच्या गोष्टींवर. माजी सभापती पीट कॉट याला ७,९९३ डॉलरचा धनादेश लाकडी फरशीच्या कामाचं बिल म्हणून दिला गेला. बिल खोटं होतं, पैसा त्याच्या मुलाला प्रचाराच्या कामावर ठेवण्यासाठी होता. शिवाय पुढे नोकरीचं आश्वासन. आमदार विक कोहरिंगने रोख रक्कम घेतली आणि भाच्याला कंपनीत काम मिळवून दिलं. अधिकाऱ्यांच्या देणग्यांची भरपाई कंपनी ‘विशेष बोनस’ देऊन करत असे.

यातून शोधायच्या जागा कळतात: लोकप्रतिनिधीचा जोडधंदा आणि त्याचे ग्राहक, नातेवाइकांच्या नोकऱ्या, सल्लागार शुल्क, घराचं बांधकाम, पद सोडल्यावरची नेमणूक. राज्य पातळीवर ही विवरणं राज्याच्या संस्थेकडे असतात. अलास्कात ती अलास्का पब्लिक ऑफिसेस कमिशनकडे. प्रत्येक राज्याच्या देणगीमर्यादा निराळ्या, तेव्हा संघीय आकडे तिथे लावू नका.

‘लाच’ हा शब्द कधी वापरावा

दोषसिद्धीआधी वापरू नका, आणि नंतरही अपिलाचा निकाल पाहूनच. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१च्या मॅककॉर्मिक निकालानुसार प्रचारदेणगी लाच ठरायला ‘हे दे, ते करतो’ असा स्पष्ट सौदा सिद्ध व्हावा लागतो. २०१६च्या मॅकडॉनेल निकालाने ‘अधिकृत कृती’ची व्याख्या आणखी आवळली, नुसती भेट घालून देणं त्यात बसत नाही. २०२४च्या स्नायडर निकालानंतर राज्य आणि स्थानिक पदाधिकाऱ्यांना काम झाल्यावर दिलेली बक्षिसी त्यांना लागू असलेल्या संघीय लाच कलमात येत नाही. सौदा सिद्ध करणं किती निसरडं असतं, ते सरकारी तेलसाठ्यांच्या भाडेपट्ट्यांवरून गाजलेल्या टीपॉट डोम प्रकरणात १९३०लाच दिसलं होतं: माजी इंटिरियर मंत्री (संघीय जमिनी सांभाळणाऱ्या खात्याचा प्रमुख) अल्बर्ट फॉल तेलसम्राट एडवर्ड डोहेनीकडून १,००,००० डॉलरची लाच घेतल्याबद्दल दोषी ठरला, आणि तीच लाच दिल्याच्या आरोपातून डोहेनी सुटला.

अर्धवट माहितीचा फटका वेको प्रकरणातही बसतो. अलास्काचे सिनेटर टेड स्टीव्हन्स ऑक्टोबर २००८मध्ये वेकोकडून मिळालेल्या भेटींविषयी विवरणात खोटी माहिती दिल्याबद्दल दोषी ठरले. एप्रिल २००९मध्ये सरकारी वकिलांनी पुरावा दडवल्यामुळे तो निकाल रद्द झाला. कॉट आणि कोहरिंग यांचे निकालही २०११मध्ये त्याच कारणाने उलटले. त्या दोघांनी मात्र नंतर गुन्हा कबूल केला. ‘पेसर’ या न्यायालयीन प्रणालीवर शेवटच्या आदेशापर्यंत पाहा. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला कमाल ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर फुकट.

कागद मागायचे असतील तर

माहिती स्वातंत्र्य कायदा काँग्रेसला लागू नाही. सिनेटरच्या कार्यालयाला अर्ज करून वेळ घालवू नका. त्याने इंटिरियर खात्याला किंवा त्यातल्या भूव्यवस्थापन विभागाला पाठवलेली पत्रं त्या खात्याकडे मागा. तारखांची कक्षा अरुंद ठेवा, सदस्याचं आणि भाडेपट्ट्याचं नाव द्या. कायद्यातली मुदत २० कामकाजाच्या दिवसांची आहे. ‘तेलासंबंधी सगळा पत्रव्यवहार’ असं मागितलंत तर महिनोन्‌महिने काही येणार नाही.

तक्रार

देणगीचे नियम मोडल्याचं दिसलं तर एफईसीकडे लेखी तक्रार करता येते. ती सही केलेली, शपथेवर आणि नोटरीसमोर केलेली असावी. निनावी घेत नाहीत. सामनेवाल्याला उत्तरासाठी १५ दिवस मिळतात. कोणती ओळ, कोणती तारीख, कोणता नियम, हे अहवालांच्या प्रती जोडून लिहा. मतांविषयीचा संताप तिथे नको. सहा आयुक्तांपैकी चार मतं मिळाल्याशिवाय चौकशी सुरू होत नाही, आणि दावा लावायची मुदत साधारण पाच वर्षांची. जुन्या निवडणुकीचं प्रकरण हाती लागलं असेल तर आधी ती तारीख मोजा.