भिलारची स्ट्रॉबेरी वाशीपर्यंत टणक राहिली

फळाला रंग छान, गोडीही बरी. पण वाशीच्या बाजारात पोचेपर्यंत पनेटच्या (प्लास्टिकच्या छोट्या डबीच्या) तळाशी रस साचायचा आणि व्यापारी भाव पाडायचा. फेब्रुवारीत ऊन वाढलं की विंटर डॉन ही जात जास्तच मऊ पडते.

मग पहिल्यांदा ड्रिपमधून नत्र कमी केलं. नत्राने पाला माजतो, फळ पाणचट होतं. त्यानंतर कॅल्शियम क्लोराइड, लिटरला 4 ग्रॅम, साधारण आठवड्याने एकदा. पानावर पडलेलं कॅल्शियम फळात उतरत नाही, म्हणून पाला बाजूला सारून नोझल थेट हिरव्या, बोराएवढ्या फळांवर धरायचं. फळ लाल झाल्यावर मारून फारसा उपयोग नाही. फवारणी उन्हं उतरल्यावरच, नाहीतर पानांच्या कडा करपतात. आधी एका गादीवाफ्यावर मारून बघितलेलं बरं. 00:52:34 (स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश असलेलं विद्राव्य खत) त्याच टाकीत मिसळू नका, पांढरा साका बसून नोझल चोंदतं. (दुकानदार 'चालतंय' म्हणेल, तरी नकोच.)

आता फळ दाबलं तर बोट उमटत नाही, करड्या बुरशीची फळंही कमी निघतात. गोडीत मात्र फरक जाणवला नाही. पालाश वाढवून पाहणं चालू आहे.