बादली भरण्याआधी फरशी ओळखा

आईकडच्या जुन्या घरात मोझॅक आहे, पांढऱ्या सिमेंटमध्ये हिरव्या-काळ्या खड्या. एका दिवाळीच्या साफसफाईत मोरीपाशी बसलेला पिवळेपणा घालवायचा म्हणून मी संडासातली अ‍ॅसिडची बाटली आणली आणि अर्धं झाकण ओतलं. फस्सकन फेस आला. वाटलं, वा, मळ सुटतोय! सुटत होती ती फरशी. पुसून बघतो तर ताटाएवढा भाग राखाडी आणि खडबडीत. पुढे दोन वर्षं अंधारात अनवाणी चालतानासुद्धा तळपायाला कळायचं की मोरी आली.

झालं काय, तर मोझॅकमधल्या खड्या बहुतेक वेळा संगमरवराच्या असतात. संगमरवर, शहाबादी, कोटा आणि ओट्याचा काळा कडप्पा ही सगळी चुनखडीच्या घराण्यातली मंडळी, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल पडलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तोच तो फेस. त्यामुळे कुठलंही लिक्विड विकत घेण्याआधी पायाखाली काय आहे ते बघा.

पहिलं काम: ओळख

पलंगाखालचा किंवा कपाटामागचा एखादा कोपरा निवडा. पांढऱ्या व्हिनेगरचा एकच थेंब टाका, मिनिटभर थांबा, ओल्या फडक्याने पुसा. बारीक बुडबुडे आले तर फरशी चुन्याच्या जातीची. बुडबुडे दिसले नाहीत, पण पुसल्यावर तेवढाच ठिपका निस्तेज झाला, तरी उत्तर तेच. काहीच झालं नाही तर ग्रॅनाइट, सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड. थेंब सांध्यावर मात्र पडू देऊ नका. सांधा बहुधा सिमेंटचा असतो, तो फसफसणारच, आणि तुमची फसगत होईल.

दुसरं: केर

हे सांगायला नको असं वाटतं, पण फरशीची चमक जाते ती सगळ्यात जास्त इथे. चपलांबरोबर आत येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ असतं. कठिणता मोजायच्या ‘मोह्स’ मापावर (1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कठीण) क्वार्ट्झ 7 वर, संगमरवर 3 वर. केर न काढता ओलं फडकं फिरवलं की आपण फरशी पुसत नाही, पॉलिश पेपरने घासतो. मऊ झाडू घ्या, कोपऱ्यातून मधे या, केर ढकलत न्या, उडवू नका. खराटा अंगणापुरताच. दाराबाहेर एक खरखरीत पायपुसणं आणि आत एक सुती, एवढं केलं तरी बरीच वाळू उंबऱ्यावरच अडते.

तिसरं: पुसणं

दोन बादल्या घ्या. एकीत लिक्विड घातलेलं पाणी, दुसरीत साधं. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळून पिळायचं, मग लिक्विडच्या पाण्यात बुडवून पुन्हा पिळायचं. एकाच बादलीत काम केलं की तिसऱ्या खोलीपर्यंत आपण पहिल्या खोलीचा मळ पसरत असतो. आतल्या भिंतीपासून दाराकडे मागे सरकत या, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाहीत. साधं पाणी गढूळ झालं की बदला.

लिक्विड बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच. ‘दोन झाकणं जास्त टाक, वास येऊ दे’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. जास्तीचा साबण फरशीवर वाळतो, चिकट थर धरतो आणि त्याला धूळ बसते. मग फरशी काळपट दिसते म्हणून आपण आणखी लिक्विड ओततो. पाय चिकटत असतील तर आठवडाभर नुसत्या कोमट पाण्याने पुसून बघा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच फरक पडतो.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करू नका, एकापाठोपाठही टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

आता जातीप्रमाणे

संगमरवर, मोझॅक, शहाबादी, कोटा: लिंबू, व्हिनेगर, चिंच, अ‍ॅसिड, सगळं वर्ज्य. देवाची भांडी चिंचेने घासताना तांब्या थेट फरशीवर ठेवला की त्याच्या बुडाची गोल खूण उमटते. ती मळाची नसते, तिथला दगड खाल्लेला असतो, त्यामुळे घासून निघत नाही. खाली परात घ्या. रोज साधं पाणी, आणि आठवड्यातून एकदा दगडासाठीचं सौम्य, म्हणजे आम्ल नसलेलं लिक्विड किंवा चमचाभर सौम्य भांड्यांचं लिक्विड अर्ध्या बादलीत. त्यानंतर साध्या पाण्याचा एक हात द्या. खडबडीत शहाबादीला शेवाळ धरलं तर प्लॅस्टिकच्या ब्रशने सोड्याच्या पाण्यात घासा, तारेच्या काथ्याने नको. तारेचे तुकडे अडकतात आणि गंजतात.

व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ शोषत नाहीत, त्यामुळे त्यांचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतात ते सांधे. खाण्याच्या सोड्याची दाट पेस्ट सांध्यात भरा, 10-15 मिनिटं ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, पुसून घ्या. तरीही काळेच राहिले तर सांधे कोरून नवं ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा लेप, भरून घेतलेलं बरं. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग टाइलवर असतील तर इथे व्हिनेगर चालतं, समप्रमाणात पाणी घालून. फक्त सांध्यावर रेंगाळू देऊ नका.

ग्रॅनाइटबद्दल फार लिहायला नको. तेल सांडलं तर लगेच टिपा, बाकी तो सोसतो.

लॅमिनेट आणि लाकडी फरशीचा शत्रू पाणी. फडकं इतकं पिळलेलं हवं की मागे राहिलेली ओल मिनिटभरात उडून जावी. लॅमिनेटच्या जोडात पाणी शिरलं की कडा फुगतात, आणि त्या पुन्हा बसत नाहीत. व्हिनाइलवर रॉकेल किंवा थिनर नको, आणि रबरी पाठीचं पायपुसणंही नको. रबराचा पिवळा डाग कायमचा राहतो.

लाल कोबा असलेली घरं कोकणात आणि गोव्यात अजून दिसतात. त्याला पाणी, आणि महिन्यातून एकदा सुक्या फडक्यावर खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब घेऊन जोर लावून पुसणं. तेल दिसता कामा नये, दिसलं तर कोणीतरी घसरणार. सारवलेल्या जमिनीला अर्थातच ओलं फडकं लावत नाहीत. केरसुणीने हलक्या हाताने झाडायचं, आणि पोपडे धरू लागले की शेणकाल्याचा नवा हात द्यायचा.

डाग

दगडावर तेल मुरलं असेल तर घासू नका, ते आणखी आत जातं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून थालीपिठाइतका जाड थर द्या, वर प्लॅस्टिक झाका, एक दिवस ठेवा. मग प्लॅस्टिक काढून थर पूर्ण वाळू द्या आणि लाकडी उलथन्याने खरवडा. सोडा तेल ओढून घेतो. जुन्या डागाला दोन-तीन वेळा करावं लागतं. हळदीचा डाग उन्हात फिका होतो, म्हणून खिडकीजवळचा असेल तर धुऊन सरळ सोडून द्या. गॅस सिलिंडरच्या बुडाचं गंजाचं कडं मात्र संगमरवरातून घरच्या उपायांनी जात नाही. सिलिंडरखाली ट्रॉली ठेवा, एवढाच इलाज.

पॉलिश

चुन्याच्या फरशीची गेलेली चकाकी लिक्विडने परत येत नाही, वरचा थर घासून काढावा लागतो. आमचा ताटाएवढा डाग शेवटी तसाच गेला. पॉलिशवाल्याने मशीनला आधी घासायचे भरड दगड लावले, मग क्रमाने बारीक, आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर. भाव ठरवताना किती दगड फिरवणार आणि कोपरे हातमशीनने करणार का, हे दोन्ही विचारून घ्या. कोपऱ्यांत मोठं मशीन पोचत नाही आणि नेमके तेच राहतात. काम चालू असताना तिथून हलू नका, कारण घासल्यावर निघणारा पांढरा चिखल कारागीर सवयीने मोरीत ढकलतो. त्यात सिमेंटची आणि दगडाची भुकटी असते, ती पाइपच्या वळणात थिजून बसते. आमच्याकडे फरशी आरशासारखी झाली आणि चार दिवसांनी मोरी तुंबली. चिखल बादलीत भरून खाली न्यायला आधीच सांगून ठेवा.