श्रावणबाळ योजनेचे पैसे ‘जमा’ दिसतात, पण खात्यात येत नाहीत: माझा अनुभव

लक्षण: आईचे श्रावणबाळचे (गरजू ज्येष्ठांना राज्य सरकार दरमहा देतं त्या निवृत्तिवेतनाचे) पैसे अचानक बंद झाले. तहसीलच्या संजय गांधी शाखेत ‘पैसे गेले’ असं सांगत, पासबुकात मात्र नोंदच नाही.

हयातीचा दाखला पुन्हा दिला, बँकेत केवायसी केलं, पासबुकाची झेरॉक्स जोडली. उपयोग शून्य. म्हाताऱ्या माणसाला इतके हेलपाटे घालायला लावणं बरोबर नाही.

कारण असं, की डीबीटीचे (सरकारकडून आधारवरून थेट खात्यात येणारे) पैसे अर्जातल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे आधारशी शेवटची जी बँक जोडलेली असेल, तिथे जातात. खात्याला आधार ‘लिंक’ असणं (म्हणजे फक्त बँकेकडे आधारची नोंद) वेगळं, डीबीटीसाठी ‘सीडिंग’ (म्हणजे एनपीसीआयकडे त्या बँकेची नोंद) वेगळं. काउंटरवर हा फरक नीट विचारून घ्या.

आधी ‘माय आधार’ संकेतस्थळावर ओटीपीने लॉगिन करून ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडा. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर पहिलं काम आधार केंद्रात. आम्हाला त्या स्टेटसमध्ये भलतीच बँक दिसली: आईचं जुनं, विसरलेलं जनधन खातं. त्या बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं, तर थकलेले सगळे हप्ते तिथेच होते!

मग नेहमीच्या बँकेत आधार सीडिंगचा संमती अर्ज दिला. त्यात ‘दुसऱ्या बँकेतून बदल’ या पर्यायावर खूण करून जुन्या बँकेचं नाव लिहायचं. आईचा अंगठा तिथेच घेतला. पोच मागून घ्या. काही दिवसांनी स्टेटस परत पाहिलं, नवी बँक ‘ॲक्टिव्ह’ होती. त्याची प्रिंट तहसीलला दिली. पुढचा हप्ता बरोबर खात्यात आला.