‘आता कवा येतीस?’ : कोल्हापुरात संस्थेत स्वयंसेवेचे काम कसे सुरू करावे

वाढदिवसाला बालगृहात जाऊन केक कापणे, पंधरा ऑगस्टला मुलांना जिलेबी वाटणे किंवा पितृपंधरवड्यात वृद्धाश्रमाला जेवण देणे म्हणजे स्वयंसेवा, असा समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे. देणगी म्हणून यात काही गैर नाही. मात्र ज्या वृद्धाश्रमात मी जाते तेथे पितृपंधरवड्यात जवळजवळ रोज कोणाची ना कोणाची खीर येते आणि निम्म्या आज्यांना मधुमेह आहे, हे देणाऱ्यांपैकी कोणी विचारत नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. आठवड्यातले दोन-तीन तास निदान वर्षभर देण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांच्यासाठी आहे. गेली तेरा वर्षे मी हे काम करते आहे आणि ‘मनापासून करा, बाकी सगळे आपोआप जमते’ हा सल्ला मला आता ऐकवत नाही. मनापासून करणाऱ्यांनीच घोटाळे केलेले मी पाहिले आहेत. त्यातला एक माझा स्वतःचा आहे आणि तो पुढे सांगणार आहे.

संस्था कशी निवडावी

संस्था निवडताना आधी अंतर बघावे, आवड नंतर. शिवाजी पेठेत राहणाऱ्याने हौसेने गावाबाहेरची संस्था धरली, तर जुलैच्या पावसात तिसऱ्या आठवड्यालाच त्याचे जाणे बंद होते. पायी किंवा केएमटीच्या एका बसने जाता येईल अशी जागा असावी. दुसऱ्याच्या मुलांना छप्पर देण्याची सवय या शहराला राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे उभी करून लावली, त्यामुळे येथे संस्थांची वाण नाही. अपंगांसाठी नसीमा हुरजूक यांच्या पुढाकाराने १९८४ मध्ये सुरू झालेली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’, वीटभट्टीवरील आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी काम करणारी ‘अवनि’, निराधार मुलांसाठी ‘बालकल्याण संकुल’ ही नावे शहरात सर्वांना ठाऊक आहेत. नाव नसलेल्या लहान संस्थाही पुष्कळ आहेत आणि माणसांची खरी टंचाई बहुधा तेथेच असते.

लहान संस्थेत जाण्यापूर्वी मात्र तिची नोंदणी विचारावी. सार्वजनिक न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. मुलांना ठेवून घेणाऱ्या संस्थेला त्याशिवाय बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी लागते. चांगल्या संस्थेचे व्यवस्थापक हा प्रश्न ऐकून कपाटातली फाइल काढतात. ज्या कार्यालयात या प्रश्नावर चेहरे पडतात, तेथे दिलेला चहा प्यावा, नमस्कार करावा आणि पुन्हा जाऊ नये.

आपली कागदपत्रे म्हणजे ओळखपत्र, छायाचित्र आणि पोलिसांकडील चारित्र्य पडताळणीचा दाखला. बालगृहाने हा दाखला मागितला तर अपमान वाटून घेऊ नये. न मागता थेट मुलांत बसू दिले, तर उलट काळजी करावी.

काम कोणते मागावे

‘मी मुलांना इंग्रजी शिकवीन’ असे सांगत येणारे रोज भेटतात. त्याऐवजी व्यवस्थापकांना एवढेच विचारावे की, कोणते काम करायला माणूस मिळत नाही. उत्तरे ठरलेली असतात. एखाद्या आजोबांना सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेऊन केसपेपर काढणे, ओपीडीच्या रांगेत त्यांच्याबरोबर उभे राहणे आणि डॉक्टरांनी सांगितलेले वहीत लिहून आणणे. पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरणे, म्हणजे वयाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला आणि बँक खाते यांच्या मागे सेतू केंद्र ते तहसील कार्यालय अशा चार खेपा घालणे. धुतलेल्या कपड्यांवर नावे घालणे. ही कामे दिसायला कंटाळवाणी आहेत, पण एका अर्जाने एका माणसाच्या खात्यात दरमहा पैसे येऊ लागतात. इंग्रजीच्या चार तासांनी तसे काही होत नाही. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना लेखनिक हवे असतात हे खरे, परंतु बोर्डाच्या परीक्षेला लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. त्यामुळे दहावीच्या परीक्षेसाठी पदवीधर माणसाने जाऊन उपयोग नसतो. घरात आठवी-नववीचे मूल असेल तर त्याला विचारावे.

खरी अडचण : पहिल्या भेटीचा शेवट

पहिल्या दिवशी काय बोलावे याची नव्या माणसाला फार चिंता असते. ती व्यर्थ आहे, कारण आज्या स्वतःच बोलतात आणि मुले तर थांबतच नाहीत. अडचण येते ती निघताना. तुम्ही चपला घालत असता आणि कोणीतरी दारापर्यंत येऊन विचारते, “आता कवा येतीस?” या प्रश्नाला दिलेल्या उत्तरावर तुमचे पुढचे सगळे काम उभे राहते किंवा कोसळते, असे मी अतिशयोक्ती न करता सांगते.

मी पहिल्या वर्षी या प्रश्नाला “येते की, पुढच्या रविवारी” असे सहज म्हणत असे. आपल्या बोलण्यात ‘येते’ हा शब्द निरोपाचा असतो. ‘जाते’ म्हणू नये म्हणून आपण ‘येते’ म्हणतो आणि त्याला कोणी तारीख समजत नाही. संस्थेत राहणारा माणूस मात्र तो तारीख म्हणूनच घेतो, कारण त्याच्या आठवड्यात दुसरी तारीख नसते. नोव्हेंबरात एका आजींनी मला त्यांचा हयातीचा दाखला बँकेत द्यायला सांगितला होता. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते आणि त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असे, ज्यासाठी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हा दाखला द्यावा लागतो. मी “पुढच्या रविवारी कागद न्यायला येते” म्हणाले. पुढच्या रविवारी मामेबहिणीचे लग्न निघाले, त्याच्या पुढच्या रविवारी मला ताप होता आणि तिसऱ्या रविवारी, खरे सांगायचे तर, दोन आठवडे न गेल्याची लाज वाटून मी गेले नाही. आजींनी तो कागद दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही. व्यवस्थापकांनी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, “माझी पोरगी येणार हाय न्यायला.” डिसेंबर उजाडला आणि निवृत्तिवेतन थांबले.

पैसे बुडाले नाहीत. दाखला दिल्यावर थकबाकीसह रक्कम जमा झाली. पण मधले दोन महिने त्या बाईंना डोक्याच्या तेलासाठी आणि पानासाठी व्यवस्थापकांपुढे हात पसरावा लागला, आणि आयुष्यात कोणाकडे मागितले नाही हे त्यांच्या बोलण्यात रोज येणारे वाक्य त्यानंतर मी पुन्हा ऐकले नाही. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

त्यानंतर मी काही नियम करून घेतले आणि नव्या स्वयंसेवकांना ते मी आग्रहाने, कधी कधी भांडून, लावायला सांगते.

पहिला असा की, जेवढे जमेल त्याच्या निम्मे कबूल करावे. दर रविवारी येणे शक्य वाटत असेल तर महिन्यातले दोन रविवार सांगावेत. उत्साहाच्या भरात ठरवलेला आठवडा दोन महिन्यांत आक्रसतो आणि आक्रसताना दुसऱ्याला दिसतो. ठरलेल्याहून एकदा जास्त गेलात तर आनंद होतो, एकदा कमी गेलात तर विश्वास जातो. या दोन्हींचे वजन सारखे नाही.

उत्तर नेहमी तारखेसह द्यावे आणि ती तारीख त्यांच्यादेखत संस्थेच्या भिंतीवरील कॅलेंडरवर लिहावी. ‘बघू’, ‘लवकरच’, ‘वेळ मिळाला की’ हे शब्द वापरू नयेत. येणे अशक्य झाले तर फोन व्यवस्थापकांना नव्हे, त्या माणसालाच करावा, म्हणजे संस्थेच्या फोनवर त्याला बोलवायला सांगावे आणि आपल्या तोंडाने सांगावे. हे दोन मिनिटांचे काम टाळण्यासाठी माणसे किती सबबी शोधतात, ते पाहिले की आश्चर्य वाटते. मी स्वतः शोधल्या आहेत.

कोणाचाही कागद, पुस्तक, बँकेचे पासबुक ‘नंतर’ न्यायला कबूल करू नये. त्याच वेळी व्यवस्थापकांसमोर वहीत नोंद करून न्यावे, नाहीतर त्याच वेळी ज्याला जमेल त्याच्या हाती द्यायला लावावे. आजारी पेन्शनरांचा हयातीचा दाखला आता ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन पद्धतीने घरबसल्याही देता येतो, पण त्यासाठीही कोणीतरी मोबाइल घेऊन ठरल्या दिवशी यावेच लागते.

काही गोष्टी मात्र कधीच कबूल करू नयेत. वृद्ध माणसे सांगतात, “माझ्या मुलाला एकदा फोन लावून दे, तू बोललीस तर तो ऐकेल.” तो ऐकत नाही, आणि ऐकले नाही याचा दोष तुमच्याकडे येतो. अशी गोष्ट व्यवस्थापकांच्या कानावर घालावी. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, ही माहिती आजोबांना जरूर द्यावी. अर्ज करायचा की नाही हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावे. बहुतेक जण करत नाहीत, आणि का करत नाहीत हे त्यांना विचारूही नये.

मुलांच्या बाबतीत आणखी एक वचन आहे, जे देताना माणूस स्वतःला फार भला समजतो. एखादे मूल जवळ येऊन म्हणते, “ताई, एक सांगू का? पण कुणाला सांगायचं नाही हं.” येथे ‘नाही सांगणार’ म्हणणे चूक आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहेच. तेव्हा मुलाला आधीच सांगावे की, तुला त्रास होत असेल तर मला मोठ्या माणसांना सांगावे लागेल, पण तुला विचारल्याशिवाय मी तुझ्या मित्रांना काही सांगणार नाही. यावर मूल कदाचित गप्प बसेल. त्या दिवशी गप्प बसू द्यावे आणि ठरल्या तारखेला पुन्हा जावे. माझा अनुभव असा आहे की, सांगणारे मूल तिसऱ्या-चौथ्या तारखेनंतर सांगते, तेही ती तारीख पाळली गेली असेल तर.

फोटो आणि पैसे

बालगृहातील मुलांचे फोटो काढू नयेत, स्टेटसला तर मुळीच ठेवू नयेत. अशा मुलाची ओळख उघड होईल असा मजकूर किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. राहणाऱ्या कोणाला रोख पैसे देऊ नयेत. एकाला दिले की दहा जणांचे डोळे त्याच्यावर असतात. द्यायचे असेल ते संस्थेला पावती घेऊन द्यावे.

पुराच्या दिवसांत

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात मदतीला माणसे इतकी लोटली की काही ठिकाणी निवारा केंद्राबाहेर जुन्या कपड्यांचेच डोंगर झाले. बोट चालवता येत नसेल, पोहता येत नसेल, तर पाणी चढत असताना जाऊ नये. पाणी उतरल्यावर जावे. घरातला चिखल काढायला, भिजलेली कागदपत्रे वाळवायला, पंचनाम्यात नाव आले की नाही ते तपासायला दुसऱ्या आठवड्यात कोणी नसते. फावडे आणि गमबूट आपले न्यावेत.

काम सोडताना

बदली होते, आईचे आजारपण येते, कंटाळाही येतो. सोडण्यात काही लाज नाही, न सांगता सोडण्यात आहे. महिनाभर आधी व्यवस्थापकांना सांगावे, आपल्या जागी येणाऱ्या व्यक्तीला निदान दोन भेटींत बरोबर न्यावे आणि वही तिच्या हाती द्यावी. माझ्या वहीत प्रत्येक आजीच्या नावापुढे औषधाची वेळ, बँकेची शाखा, कोणत्या कानाने ऐकू येते आणि कोणाचे नाव तिच्यापुढे काढू नये, एवढे लिहिलेले असते. शेवटच्या भेटीत ‘अधूनमधून येत राहीन’ असे म्हणू नये. येणार नसाल तर, “आजी, मी आता येणार नाही, ही सुनीता पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी येईल,” असे स्पष्ट सांगावे आणि सुनीतानेच कॅलेंडरवर तारीख लिहावी.